सकाळचं पहिलं फुलपात्र: एका अल्कलाइन कार्ट्रिजचं प्रकरण

भाचीचा फोन आला तो पाण्यासाठी, पण सूर होता सासूबाईंबद्दलचा. “मावशी, माई रोज सकाळी म्हणतात पाणी कडू आहे, बुळबुळीत आहे. मी पिते तर काही लागत नाही. मीटर बुडवला तर पीएच जेमतेम सहाच्या वर. अडीच हजार घालून अल्कलाइन बसवलंय आणि वर ही कटकट. तू एकदा येऊन सांग ना त्यांना.”

अल्कलाइन म्हणजे आरओच्या पाण्याचा पीएच चढवायला लावतात ते गोळ्यांचं कार्ट्रिज. पीएच सात म्हणजे मध्य, त्याखाली पाणी आम्लाकडे झुकतं, त्यावर अल्कलीकडे. सांगायला नाही, बघायला येते म्हटलं. पाण्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. एकाच नळाबद्दल दोन माणसं शपथेवर उलटसुलट सांगत असतील, तर बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. दोघांच्या पेल्यातलं पाणीच वेगळं असतं.

घर आणि पाणी

घर वाघोलीला, सातव्या मजल्यावर. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं ते दोन बोअरचं आणि टँकरचं पाणी. त्याआधी ही मंडळी कोथरूडला राहायची. तिथे खडकवासल्याचं धरणाचं पाणी, मऊ, साबणाला भरपूर फेस. नळाला साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा, पुरत होता. वाघोलीला आल्यावर पहिल्या महिन्यातच गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसला आणि माईंची तूरडाळ शिजेना.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, दूषित पाण्याची चर्चा घराघरात सुरू झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या भाचीच्या घरानेही फेब्रुवारीत आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून (मेंब्रेनमधून) पाणी दाबून क्षार मागे ठेवणारं यंत्र, घेतला. सिंकखाली बसणारा, प्रेशर टँकवाला. विकायला आलेल्या माणसाने ओट्यावर दोन ग्लास ठेवून विजेच्या सळ्यांचा खेळ दाखवला होता. नळाचं पाणी तपकिरी गाळाने भरलं, आरओचं स्वच्छ राहिलं. (तो गाळ पाण्यातला नसतोच, सळईतल्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे वीज वाहत नाही, म्हणून सळई झिजत नाही. मंतरलेलं लिंबू कापून लाल रस काढण्याच्या जातीचा हा खेळ आहे.)

पण खेळ खोटा असला तरी आरओची गरज या घरात खोटी नव्हती. मी आल्या आल्या सिंकच्या साध्या नळाचा नमुना घेऊन ओळखीच्या प्रयोगशाळेत दिला. निकाल आला तो असा: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ८६०, काठिण्य सुमारे ४५०, कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ५२, अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) ३००, नायट्रेट ६८, सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. पीएच ७.३. शिवाय कोलिफॉर्म जंतू. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएसला ५०० ची आणि काठिण्याला २०० ची स्वीकार्य मर्यादा घालतं. दुसरा स्रोत नसेल तर टीडीएसला २००० पर्यंत आणि काठिण्याला ६०० पर्यंत सूट देतं. म्हणजे नुसता जडपणा असता तर मी म्हटलं असतं, गाळा, उकळा आणि प्या. अडचण नायट्रेटची होती. त्याची मर्यादा ४५, आणि तिला सूट नाही. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. कार्बनने जात नाही, यूव्हीला तर ते दिसतही नाही. घरगुती साधनांत ते अडवणारं एक म्हणजे आरओचं मेंब्रेन.

२०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ वापरू नये असं म्हटलं, तेव्हा मला मनापासून पटलं होतं. कोथरूडच्या घरात आरओ म्हणजे पैशाचा आणि पाण्याचा अपव्यय. वाघोलीच्या या घरात मात्र आरओ हवाच होता.

पहिली तक्रार, जी कुणी नीट ऐकली नाही

कडूपणाच्या आधी एक तक्रार होऊन गेली होती, ती मला दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कळली. माईंना रात्री तांब्याच्या तांब्यात पाणी भरून सकाळी प्यायची सवय. आरओ आल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्या म्हणू लागल्या, पाणी कळकट लागतंय.

कळकट हा शब्द भाचीच्या पिढीला नुसता ‘खराब’ वाटतो. माईंच्या पिढीला तो नेमका माहीत आहे. बिनकल्हईच्या भांड्यात आमटी, ताक राहिलं की जी चव येते ती. म्हणजे भांड्याचा धातू पदार्थात उतरलाय. बाईंनी निदान बरोब्बर केलं होतं, फक्त कारण त्यांना पटत नव्हतं, कारण तोच तांब्या त्या चाळीस वर्षं वापरत होत्या. “काय हो, तांब्याला आत्ताच काय धाड भरली?” असं त्यांनी मलाही विचारलं.

तांब्या तोच होता, पाणी बदललं होतं. मेंब्रेन क्षार अडवतं, वायू अडवत नाही. विहिरी-बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं आणि त्याच्या जोडीला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. मेंब्रेनपाशी बायकार्बोनेट पंचाण्णव टक्के मागे राहतं, कार्बन डायऑक्साइड सरळ पलीकडे जातो. पलीकडे मग आम्ल तेवढंच, पण ते सांभाळून घेणारं बायकार्बोनेट नाही. या घरात मेंब्रेनमधून निघालेल्या पाण्याचा पीएच ६.० भरला आणि अल्कलिनिटी अवघी १५. असं पाणी भुकेलं असतं. रात्रभर तांब्यात ठेवलं तर तांबं खातं. जड बोअरच्या पाण्याने आणि खडकवासल्याच्या पाण्यानेही ते इतकं खाल्लं नव्हतं.

सर्व्हिसला आलेल्या मुलाला ही तक्रार सांगितली, तेव्हा तो म्हणाला, आरओचं पाणी ॲसिडिक असतं, अल्कलाइन टाकून घ्या. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता, त्यामुळे दुसरा अर्धाही खरा वाटला. एप्रिलमध्ये कार्ट्रिज आलं. सोबत एक चकचकीत पत्रक: पीएच ९.५, रक्तातलं ॲसिड कमी होतं, पित्त जातं, आणि १९३१ चं नोबेल म्हणे कॅन्सर ॲसिडमध्ये वाढतो हे सिद्ध करण्यासाठी मिळालं होतं. ओट्टो वारबुर्ग यांना त्या वर्षीचं नोबेल मिळालं हे खरं. मिळालं ते पेशीतल्या श्वसनाच्या एन्झाइमवरच्या कामासाठी. पत्रकवाल्यांना तेवढं वाचायला वेळ नसतो.

भाचीने खबरदारी म्हणून तांब्याही माळ्यावर टाकला. कळकट चव गेली. श्रेय कार्ट्रिजला मिळालं.

आठ पेले

मी त्या रात्री तिथेच राहिले आणि पाच वाजता उठले, माईंच्या आधी. रात्री दहानंतर कुणी तो नळ उघडला नव्हता. ओट्यावर स्टीलचे आठ पेले ओळीने मांडले आणि प्रत्येकात साधारण दोनशे मिली असं एकामागून एक भरत गेले. माझा पीएच मीटर आदल्या रात्री बफरवर, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणावर, लावून घेतला होता. हे सांगायचं कारण असं, की इतक्या कमी क्षाराच्या पाण्यात तीन-चारशे रुपयांच्या पेन-मीटरचा आकडा बराच वेळ सरकत राहतो. भाची पहिला दिसेल तो लिहीत होती.

पहिला पेला: पीएच १०.१, टीडीएस १२८. दुसरा: ९.८ आणि ११२. तिसरा: ८.३ आणि ७६. चौथा: ७.०, ५८. पाचवा: ६.५, ५०. सहाव्यापासून पुढे ६.३ आणि ४८, आणि मग तो आकडा हललाच नाही.

एवढ्यात माई उठल्या. त्यांना काही न सांगता पहिल्या पेल्यातलं पाणी त्यांच्या फुलपात्रात ओतून दिलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “हेच. हेच ते.” मग सातव्या पेल्यातलं दिलं. “हे चालेल. पण हे कुठलं?”

एकाच नळाचं. माई घरात सगळ्यांत आधी उठतात, त्यामुळे रात्रभर कार्ट्रिजमध्ये मुरलेलं पाणी रोज त्यांच्याच वाट्याला यायचं. भाची संध्याकाळी ऑफिसातून येऊन कुकर लावताना मीटर बुडवायची, तोवर नळ दहा वेळा उघडून झालेला. तिच्या वाट्याला जवळजवळ निव्वळ आरओचं पाणी. अल्कलाइन कार्ट्रिजचा फायदा व्हायचा असेल तर तो घरात कुणालाच होत नव्हता. एकीला अतिरेक, बाकीच्यांना काहीच नाही.

आणि पहिल्या पेल्याचा १०.१ हा आकडा काही अभिमानाचा नव्हे. आयएस १०५०० मध्ये पीएचची पट्टी ६.५ ते ८.५ अशी आहे, आणि तिलाही सूट नाही. पत्रकातला ९.५ सुद्धा त्या पट्टीबाहेरच. एका घोटाने काही होत नाही, पण ‘बुळबुळीत’ ही माईंची तक्रार साबणाच्या पाण्याला लागू पडते तशीच इथेही लागू होती.

सिंकखाली

कारण सिंकखाली टॉर्च मारल्यावर पाच मिनिटांत दिसलं. कार्ट्रिज बसवलं होतं प्रेशर टँक आणि नळ यांच्या मधल्या नळीत. मेंब्रेनमधून पाणी ठिबकत येतं. मापट्यात धरलं तर मिनिटाला १३० मिली. ते टँकमध्ये साठतं आणि नळ उघडला की टँकमधल्या हवेच्या दाबाने एकदम बाहेर येतं, मिनिटाला १.८ लिटर. कार्ट्रिजच्या पोटात जागा साधारण साडेतीनशे मिली. हिशोब करा: चालू नळात पाणी त्या दाण्यांतून बारा सेकंदांत पार होतं. बारा सेकंदांत दगड विरघळत नसतो. उलट रात्री सात तास तेच साडेतीनशे मिली आत बसून राहतं आणि जितकं घेता येईल तितकं घेतं.

तेच कार्ट्रिज मेंब्रेन आणि टँकच्या मध्ये असतं, तर त्यातून पाणी १३० मिलीच्या संथ चालीने गेलं असतं, म्हणजे पावणेतीन मिनिटं मिळाली असती. उभं राहिलेलं पाणीही टँकमधल्या सात-आठ लिटरमध्ये मिसळून गेलं असतं.

शिवाय ते आडवं होतं, यंत्राच्या डोक्यावर दोन क्लिपांत. आडव्या कार्ट्रिजमध्ये दाणे खाली बसतात आणि वरच्या बाजूला पोकळ वाट होते. पाणी शहाणं असतं, ते त्या वाटेने जातं.

तिथेच का बसवलं? सर्व्हिसवाल्या मुलाला मी बोलावलं तेव्हा त्यालाच विचारलं. बिचारा सरळ होता. म्हणाला, “मॅडम, तिथे एकच नळी कापावी लागते. आणि डेमो लगेच दिसतो.” डेमो कसा, तर कार्ट्रिज बसवायचं, भरायचं, मग पावती करायची, चहा यायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पहिला ग्लास काढून त्यात पीएचनुसार रंग बदलणारे थेंब टाकायचे. जांभळा रंग. गिऱ्हाईक खूश. तो फसवत होता असं मला वाटत नाही. त्याला कुणी शिकवताना तसंच दाखवलं होतं, आणि रंग तर खरोखरच येत होता.

त्याच्याच बाटलीतले थेंब मी पहिल्या पेल्याच्या उरलेल्या पाण्यात टाकले. गडद जांभळं झालं. मग भाचीच्या मुलीचा सरबताचा स्ट्रॉ घेऊन त्यात फुंकत राहिले. मिनिटभरात जांभळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळट. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. तो मुलगा म्हणाला, “हे कसं काय?” उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, दुसरं काय. जो आपण दिवसभर छातीच्या भात्यातून बाहेर टाकत असतो तोच. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं याच कार्बन डायऑक्साइड-बायकार्बोनेटच्या तराजूवर सांभाळतात म्हणून. एका ग्लासाने तो तराजू कलत नाही.

फोडलेलं कार्ट्रिज

जुनं कार्ट्रिज मी करवतीने कापलं. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं, तरी गोळ्या सगळ्या स्वयंपाकघरभर पळाल्या. लाल, काळ्या, राखी, पिवळट, सात रंगांच्या, पत्रकात टूर्मलीन, फार इन्फ्रारेड वगैरे नावं असलेल्या. वजन केलं, २९० ग्रॅम. मग एकेका रंगाची एक गोळी वाटीत घेऊन व्हिनेगर टाकलं. लाल, काळ्या, पिवळट गोळ्या ढिम्म. भाजलेल्या मातीच्या गोळ्या, गोट्या खेळायला चालल्या असत्या. राखी रंगाच्या मूठभर होत्या, त्यातून बुडबुडे आले, तो मॅग्नेशियम धातू. तळाशी पांढरे खडबडीत दाणे होते. त्यातले काही फसफसले, ते कॅल्साइट, म्हणजे संगमरवराचाच चुरा. काही फसफसले नाहीत, पण ओल्या दाण्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकताच गुलाबी झाले, ते मॅग्नेशियम ऑक्साइड. कामाचा माल सगळा मिळून साठ ग्रॅमच्या आसपास.

कॅल्साइट आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांचा स्वभाव वेगळा आहे, आणि या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. कॅल्साइट विरघळतं ते पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. ४४ मिलिग्रॅम वायू १०० मिलिग्रॅम कॅल्साइट पोटात घेतो आणि त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं. वायू संपत आला की विरघळणंही थांबतं. या घरच्या पाण्यात ते पीएच ८ च्या आसपास आपोआप थांबलं असतं, कितीही मुरू दिलं तरी. मॅग्नेशियम ऑक्साइडला असा लगाम नाही. ते आणि मॅग्नेशियम धातू पाणी १० च्या पुढे नेतात, आणि मग तेवढ्या चढ्या पीएचला पाण्यातला चुना पुन्हा साका होऊन खाली बसतो. माईंना किटलीत पांढरे पापुद्रेही सापडायचे, त्यांचा उगम तो.

पित्ताचा हिशोब

माईंचं मत वेगळं होतं. “कडू असू दे, पण एप्रिलपासून पित्त कमी आहे,” असं त्या ठामपणे म्हणाल्या. आता अनुभवाशी वाद घालायचा नसतो, पण हिशोब मांडता येतो.

पोटातल्या आम्लाचा पीएच २ धरू. पीएच ९ चं पाणी, ज्यात बायकार्बोनेट नाही असं, एक लिटर प्यायलं तर ते किती आम्ल मारेल? एक मिलिलिटर. अक्षरशः एक, औषधाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. पीएच हा आकडा पाणी किती टोकाचं आहे ते सांगतो, त्यात दम किती आहे ते सांगत नाही. दम सांगते ती अल्कलिनिटी. अल्कलिनिटी ५० असलेलं साधंसुधं पाणी, पीएच सातच्या आत असलं तरी, लिटरभर प्यायल्यावर शंभर मिली आम्ल झेलतं. आणि हरभरे भिजवताना आपण जो चिमूटभर खायचा सोडा टाकतो, अर्धा ग्रॅम समजा, तो एकटा अशा सहा लिटर पाण्याची बरोबरी करतो. पित्तावर इलाज म्हणून हे यंत्र विकत घेणं म्हणजे खिचडीसाठी गिरणी टाकण्यासारखं आहे.

मग माईंचं पित्त कशाने कमी झालं? एप्रिलमध्येच त्यांच्या डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू केली होती आणि पहाटेचा चहा बंद केला होता. चहाच्या जागी फुलपात्रभर पाणी आलं होतं. त्या पाण्याला श्रेय मिळालं, गोळीला मिळालं नाही. मी हे सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “असेल.” विषय तिथेच राहिला.

दोन पर्याय

कार्ट्रिज काढून नुसतं आरओचं पाणी प्यावं का? भाची तेच म्हणत होती. मला ते नको होतं, पण पत्रकातल्या कारणांसाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका संकलनात क्षारविरहित पाण्यावर एक प्रकरण आहे. त्यात पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला किमान २० आणि मॅग्नेशियम किमान १० मिलिग्रॅम असावं असं सुचवलं आहे. इथे आरओनंतर कॅल्शियम ३ होतं. शिवाय भुकेलं पाणी नळाच्या पितळेपासून तांब्यापर्यंत दिसेल ते चाटत राहतं, हा त्रास वेगळाच.

सर्व्हिसवाल्याने टीडीएस कंट्रोलर सुचवला. एक छोटा नॉब, त्यातून थोडं कच्चं पाणी मेंब्रेनला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळतं. मला ही युक्ती मुळात आवडते. फुकट आहे, आणि कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही परत येतं. कागदावर मांडून पाहिलं. टीडीएस १५० वर आणायला सुमारे तेरा टक्के कच्चं पाणी लागतं. त्याने कॅल्शियम १५, मॅग्नेशियम ८ झालं असतं. नायट्रेट मेंब्रेनमधून आठेक येतंच, ते मिसळून १६ च्या आत राहिलं असतं, मर्यादेपेक्षा खूप खाली. रसायनाच्या अंगाने तक्रार नाही.

तरी नको म्हटलं. त्या तेरा टक्के पाण्यात कोलिफॉर्म होते, आणि या यंत्रात त्या वळशानंतर यूव्ही नव्हता. टँकर उद्या कुठल्या विहिरीवर भरेल हे सोसायटीच्या वॉचमनलाही माहीत नसतं. यूव्ही असता, तो चालू आहे हे कुणी बघत असतं, तर मी कदाचित नॉबच निवडला असता.

राहिला तिसरा मार्ग, आणि तोच केला. निव्वळ कॅल्साइट भरलेलं पारदर्शक कार्ट्रिज, रंगीत गोळ्यांवाल्याच्या पाव किमतीचं. ते मेंब्रेन आणि टँकच्या मध्ये बसवलं, उभं, पाणी खालून शिरून वरून निघेल असं. दाणे धुतल्यावरही पहिला टँक दुधाळ आला, तो ओतून दिला. टँक ते नळ या वाटेवर फक्त आधीचा कार्बन फिल्टर राहिला. मुलगा कुरकुरला, दोन नळ्या कापाव्या लागल्या म्हणून, पण काम नीट केलं.

मॅग्नेशियमचा तोटा मात्र भरला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. कच्चं पाणी दोन लिटर प्यायलं तर शंभर मिलिग्रॅमच्या वर मॅग्नेशियम मिळालं असतं. बाईमाणसाला दिवसाला ३७० लागतं, म्हणजे पाव वाटा फुकट पाण्यातून. तो आता रिजेक्टच्या, म्हणजे मेंब्रेनने मागे टाकलेल्या पाण्याच्या, नळीतून मोरीत जातो. कॅल्साइटमध्ये थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळता येतं, पण प्रमाण चुकलं की पुन्हा तोच कडू पेला. त्यापेक्षा नाचणीची भाकरी, डाळी, पालेभाज्या. कॅल्शियमचंही तसंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यापुढे कार्ट्रिजचे लिटरमागे चौदा म्हणजे दर्यामे खसखस. पाण्यात ते घालायचं ते हाडांसाठी कमी, पाण्याची भूक भागवण्यासाठी जास्त.

आठवड्यानंतर

आठवड्याने पुन्हा पाच वाजता तेच आठ पेले. पहिला ६.९, आठवा ६.८. टीडीएस सगळीकडे ८० च्या आगेमागे. प्रयोगशाळेतून अल्कलिनिटी ५० आली आणि कॅल्शियम १७. शिफारशीच्या वीसला थोडं कमीच, पण तीनपेक्षा बरं.

भाचीचा चेहरा पडला. “सहा पूर्णांक आठच? तो तर साडेनऊ म्हणत होता.” तिला पुन्हा पीएच आणि अल्कलिनिटीचा फरक सांगितला. तिने ऐकला, पण पटल्यासारखं दिसलं नाही. मीटरवरचा मोठा आकडा दिसतो, अल्कलिनिटी दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

माई पहिलं फुलपात्र संपवून म्हणाल्या, “ठीक आहे.” त्यांच्याकडून एवढं म्हणजे प्रशस्तिपत्र. दुपारी त्यांनी नातवंडाला माळ्यावर चढवून तांब्या खाली काढायला लावला आणि चिंचेने लखलखीत घासला. मी म्हटलं, आठ दिवस भरून बघा, पुन्हा कळकट लागलं तर मला कळवा, तांब्याचं प्रमाण तपासून घेऊ. अजून तरी कळवलेलं नाही.

रिजेक्टचं मात्र दुखणं राहिलं. १३० मिली शुद्ध पाण्यामागे ३९० मिली मोरीत. घरात दिवसाला बारा लिटर लागतं, म्हणजे छत्तीस लिटर बाहेर, तेही ११०० च्या वर टीडीएसचं. लवादाने २०१९ मध्ये साठ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे असं म्हटलं होतं, इथे पंचवीस मिळतं. पंप आणि मेंब्रेन बदलल्याशिवाय ते फारसं सुधारणार नाही. सध्या बाल्कनीत एक निळं पिंप आहे, फरशी आणि संडासाला ते पाणी वापरतात. कुंड्यांना घालू नका म्हणून सांगितलं होतं, तरी तुळशीच्या मातीवर पांढरी कड आली आहेच.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोन. पाऊस भरपूर झाला होता, बोअर वर आले होते. “मावशी, साध्या नळाचा टीडीएस ३४० दाखवतोय. तूच म्हणायचीस ना, पाचशेच्या आत आरओ नको? बंद करून टाकू?”

मीटरवर टीडीएस उतरला म्हणून नायट्रेट उतरलं असं नसतं. पहिल्या जोरदार पावसात वरच्या मातीतलं, गळक्या सेप्टिक टँकभोवतालचं सगळं धुपून खाली जातं, आणि कधी कधी टीडीएस घसरत असताना नायट्रेट चढतं. तो पेन-मीटर दोन्हीतला फरक ओळखू शकत नाही. म्हटलं, बंद करू नकोस, आधी नमुना आण. लिटरची स्वच्छ बाटली घे, त्याच पाण्याने तीनदा विसळ, नळ दोन मिनिटं सोडून मग भर, आणि भरल्यावर फ्रिजमध्ये ठेव. मंगळवारी मी प्रयोगशाळेकडे जाणारच आहे.